थडग्यावरील अक्षरे

भरवेलीहून एका श्रोत्याचे पत्र आले आहे. बालाघाटजवळचे हे गाव मँगनीजच्या खाणीमुळे पुष्कळांना ऐकून ठाऊक असेल. पत्रलेखकाचे आजोबा नागपूरकडून त्या खाणीवर कारकून म्हणून गेले, तिकडेच वारले, आणि बालाघाटच्या बाजूला एका ख्रिस्ती स्मशानभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. आता त्यांच्या थडग्यावरचा दगड काळा पडला आहे, अक्षरे लागत नाहीत. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, घरची मंडळी पुण्या-नागपुराहून यावयाची आहेत. तत्पूर्वी दगड कशाने घासावा, असा त्यांचा प्रश्न आहे.

माझे उत्तर असे, की तूर्त घासूच नये.

हे शहाणपण मला फार महाग पडलेले आहे. माझ्या पणजीच्या थडग्यावर पांढरा संगमरवर बसविलेला आहे. विद्यार्थीदशेत एके दिवशी मला तो उजळण्याची हौस आली आणि फरशी धुण्याचे अ‍ॅसिड मी त्यावर ओतले. दगड फसफसला. ती फसफस मळ निघत असल्याची खूण समजून मी मोठा खूश झालो. वास्तविक मळ नव्हे, दगडच विरघळत होता; कारण संगमरवर म्हणजे अखेर चुनखडीचेच रूपांतर, आणि आम्लापुढे त्याचा टिकाव लागत नाही, मग ते बाटलीतले अ‍ॅसिड असो की स्वयंपाकघरातला लिंबाचा रस. सालाचा शेवटचा आकडा त्या दिवशी गेला. १८९१ की १८९९, हा वाद आमच्या घरात अद्याप चालू आहे, आणि तो मिटविणारा एकमेव पुरावा मी स्वहस्ते धुऊन टाकलेला आहे.

खाणीच्या गावी अशा दगडांचे मोल विशेष असते. १८९६ साली स्थापन झालेल्या एका शोधमंडळीतून पुढे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी उभी राहिली. १९६२ साली तिच्या कारभारात सरकार भागीदार झाले आणि १९७७ साली ती सर्वस्वी सरकारची झाली. या दीर्घ काळात कामासाठी माणसे दूरदूरहून आली. ज्याचे मूळ गाव एकीकडे, चाकरी दुसरीकडे आणि नातवंडे तिसरीकडे, अशा माणसाच्या मृत्यूची नेमकी तारीख कित्येकदा त्याच्या दगडावरच तेवढी सापडते. मध्यप्रांत व वऱ्हाडातील थडग्यांवरील लेखांची एक यादी क्रॉफ्टन नावाच्या अधिकाऱ्याने तयार केली आणि ती १९३२ साली नागपुरास छापली गेली. तिचा भर मुख्यतः युरोपीय लोकांवर आहे. साहेबांची नावे अशी कागदावर उतरली. कारकुनाचे आणि मुकादमाचे नाव बहुधा दगडापाशीच राहिले.

मग ते वाचावे कसे? दगडाला हात न लावता, उजेडाने. भर दुपारच्या उन्हात अक्षरे सपाट दिसतात. सकाळी किंवा तिन्हीसांजेपूर्वी ऊन तिरपे पडू लागले, की प्रत्येक रेघेच्या खोलगट भागात सावली बसते आणि वाचेनासा वाटणारा लेख आपोआप वर येतो. दगडाचे तोंड उत्तरेकडे असेल, तर एकाने घरचा मोठा आरसा धरून बाजूने उन्हाची तिरीप टाकावी आणि दुसऱ्याने वाचावे. अंधार पडल्यावर विजेरीनेही हेच साधते. मात्र कडेने, समोरून नव्हे. उजेडाची बाजू बदलीत मोबाइलवर आठ-दहा छायाचित्रे घ्यावीत, कारण डावीकडच्या उजेडात हरवलेली मात्रा वरच्या उजेडात सापडते. अक्षरांत खडू किंवा पीठ भरण्याची जी रीत आहे ती सर्वस्वी त्याज्य होय. खडूने झिजलेला दगड ओरखडतो, आणि पिठावर बुरशी पोसते.

लेख जसा असेल तसाच, ओळीला ओळ ठेवून, अशुद्धासह उतरून घ्यावा. जे अक्षर दिसत नाही त्याच्या जागी टिंब द्यावे. 'इथे अमुकच असणार' म्हणून भरलेले अक्षर पुढच्या पिढीत पुरावा होऊन बसते.

आता स्वच्छतेविषयी. प्रथम दगड हलत नाही ना, हे नुसत्या नजरेने पाहावे. कललेला दगड म्हणजे कित्येक मणांचे ओझे असते. त्याला टेकू नये, मुलांना जवळ जाऊ देऊ नये. पावसाळ्यानंतर गवतात आणि फटीत विंचू व साप असतात, म्हणून काठीने चाहूल देऊनच पुढे व्हावे. वरचा थर पापुद्र्यासारखा सुटत असेल किंवा बोटाने हलकेच वाजविल्यावर दगड पोकळ बोलत असेल, तर पाण्याचाही विचार सोडावा. दगड सशक्त असेल आणि स्मशानभूमीच्या व्यवस्थापकांची अनुमती असेल, तरच स्वच्छ पाणी आणि मऊ केसांचा ब्रश वापरावा. आरंभ खालून करावा, म्हणजे मळकट ओघळांचे डाग कोरड्या दगडात मुरत नाहीत. तारेचा ब्रश, धुण्याचा सोडा, ब्लीचिंग पावडर यांपैकी काहीही नको. हिरवट-करड्या ठिपक्यांच्या रूपाने दगडावर जे वाढते, ते आपल्या गोड्या मसाल्यातील दगडफुलाचेच भाऊबंद. ते कोरडे खरवडल्यास दगडाचे कण घेऊन निघते. भिजवून मऊ झाल्यावर जेवढे सहज सुटेल तेवढेच काढावे. दरवर्षी सणाला फासलेल्या चुन्याने अक्षरे बुजतात, ऑइलपेंटने ओल आत कोंडते, आणि तडा सिमेंटने बुजविला तर त्या कठीण सिमेंटच्या कडेने मूळ दगड फुटू लागतो.

अक्षरे लागली तरी तिथीचा उलगडा राहतोच. याचे उत्तम उदाहरण कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील बेने इस्रायल समाजाचे. पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले, अशी या समाजाची परंपरा आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत, आणि किहीमकर, रोहेकर, पेणकर ही त्यांची आडनावे गावांवरूनच पडली. त्यांच्या थडग्यांवर हिब्रूच्या जोडीने मराठी लेखही आढळतात. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. आज तिकडून येणाऱ्या नातवाला दगडावरचे हिब्रू वाचता येते, मराठी येईलच असे नाही. शेजारच्या गावकऱ्याचे नेमके उलट. दोघे एका दगडापुढे उभे राहिले तरच लेख पुरा होतो! हिब्रू वर्षातून ३७६० वजा केले, की इसवी सन मिळतो, वर्षारंभीच्या शरदातील तिथी असल्यास ३७६१; पुष्कळदा हजाराचा आकडा लिहिलेलाच नसतो, तेव्हा ६६० म्हणजे ५६६० समजावयाचे. शकात ७८ मिळवावे, जानेवारीपासून चैत्रापर्यंतच्या तिथीला ७९. ५६६० आणि शके १८२१ ही दोन्ही वर्षे १८९९ साली सुरू झाली, हे असे जुळते.

दगडाने दगा दिला तर चर्चच्या दफन-नोंदवहीकडे वळावे. कंपनी सरकारच्या आणि ब्रिटिश अमदानीतील चर्चच्या पुष्कळ नोंदींच्या नकला लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. भरवेलीच्या गृहस्थांनी मात्र प्रथम जवळच्या चर्चमध्ये चौकशी करावी, आणि २ नोव्हेंबरला सकाळी लवकर, ऊन तिरपे असतानाच स्मशानभूमीत पोहोचावे. बरोबर आरसा, वही आणि पेन्सिल न्यावी. फुले अवश्य वाहावीत. मेणबत्त्या तेवढ्या दगडावर न लावता शेजारी मातीत लावाव्यात, कारण मेण दगडात मुरते आणि मग निघत नाही.