खंडनीय मेघ-संगणन
खंडनीय मेघ-संगणन : मोठ्या संगणक-केंद्रांत त्या त्या वेळी पडून असलेली संगणनक्षमता, गरज भासताच ती परत घेण्याच्या अटीवर, नेहमीपेक्षा पुष्कळ कमी दराने भाड्याने देण्याची पद्धत. व्यवहारात तिला ‘स्पॉट’ संगणन असे म्हणतात. या पद्धतीत नेहमीच्या दरावर ९० टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. मात्र चालू असलेले काम केव्हाही थांबविले जाण्याची जोखीम ग्राहकास पत्करावी लागते.

मेघ-संगणनात ग्राहक स्वतः यंत्रे विकत न घेता दूरच्या केंद्रातील आभासी संगणक वापराच्या कालावधीनुसार भाड्याने घेतो. मागणी सतत कमीजास्त होत असते. परंतु पुरवठादारास कमाल मागणीस पुरेल एवढी यंत्रसामग्री सज्ज ठेवावी लागते. त्यामुळे एरवी तिचा काही भाग रिकामा राहतो. रिकाम्या यंत्रावरही भांडवल, घसारा आणि जागा यांचा खर्च होतच असतो, आणि न विकला गेलेला यंत्र-तास साठवून ठेवता येत नाही. म्हणून तो अल्प दराने विकणे पुरवठादारास फायद्याचे ठरते. टंचाईच्या वेळी पुरवठा तोडण्यास संमती देणाऱ्या कारखान्यांना काही देशांत कमी दराने वीज दिली जाते. या व्यवहारामागील तत्त्व तेच आहे.

ऐतिहासिक आढावा : रिकाम्या यंत्रांचा उपयोग करून घेण्याची कल्पना मेघ-संगणनाहून जुनी आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात १९८० नंतरच्या दशकात विकसित झालेली ‘काँडॉर’ ही प्रणाली संशोधकांच्या मेजावरील रिकाम्या संगणकांवर दुसऱ्यांची कामे चालवीत असे. मूळ वापरकर्ता परतताच ती काम थांबवून अन्यत्र हलवी. या कल्पनेस व्यापारी रूप ॲमेझॉन कंपनीने डिसेंबर २००९ मध्ये दिले. प्रारंभी ही विक्री लिलावाच्या धर्तीवर होई. ग्राहक आपण देऊ इच्छितो तो कमाल दर कळवी आणि बाजारदर त्यापुढे गेला की, त्याचे यंत्र काढून घेतले जाई. हे दर केवळ मागणी-पुरवठ्यानुसार ठरत नसावेत, असा निष्कर्ष इझ्राएलमधील टेक्निऑन संस्थेच्या संशोधकांनी २०११ मध्ये मांडला. २०१७ च्या अखेरीस ॲमेझॉनने पद्धत बदलली. तेव्हापासून दर दीर्घकालीन मागणी-पुरवठ्यानुसार सावकाश बदलतात आणि बोली लावणे आवश्यक राहिलेले नाही. गूगल कंपनीने २०१५ मध्ये अशीच सेवा सुरू केली; तीत कोणतेही यंत्र जास्तीत जास्त २४ तास मिळे. तिच्या नंतरच्या ‘स्पॉट’ सेवेत ही मर्यादा नाही. मायक्रोसॉफ्टची ‘स्पॉट’ सेवा २०२० मध्ये सर्वांस खुली झाली. ॲमेझॉनने २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबई येथे आपली केंद्रे उघडली. प्रत्येक केंद्रातील शिल्लक क्षमता व तिचे दर वेगवेगळे असतात.

कार्यपद्धती : यंत्र परत घेण्यापूर्वी ग्राहकाच्या आज्ञावलीस सूचना दिली जाते. ॲमेझॉनच्या सेवेत ती सामान्यतः दोन मिनिटे, तर गूगल व मायक्रोसॉफ्ट यांच्या सेवांत सु. ३० सेकंद आधी मिळते. एवढ्या वेळात मोठे काम पूर्ण होणे अशक्य असते; हाती घेतलेला लहान भाग संपविणे, नवे काम न स्वीकारणे आणि आवश्यक नोंदी सुरक्षित ठेवणे एवढेच साधते. म्हणून कामाची मांडणीच खंड गृहीत धरून करावी लागते. काम लहान, परस्परस्वतंत्र तुकड्यांत विभागून ते एका रांगेत ठेवतात. एखादे यंत्र गेल्यास त्याच्याकडील तुकडा रांगेत परत येतो आणि दुसरे यंत्र तो उचलते. तोच तुकडा दोनदा चालला तरी अंतिम फलात चूक होणार नाही, याची दक्षता घ्यावी लागते.

काम विभागता येण्याजोगे नसल्यास त्याची स्थिती ठराविक काळाने, काढून घेतल्या जाणाऱ्या यंत्राबाहेरील कायम साठवणीत नोंदवितात. या नोंदी फार वारंवार केल्या, तर नोंदण्यातच वेळ जातो. फार विरळ केल्या, तर खंड पडताच बरेच काम वाया जाते. यांतील सुवर्णमध्य काढण्याचे सूत्र जॉन यंग यांनी १९७४ मध्ये दिले. नोंदीस लागणारा वेळ आणि दोन खंडांतील सरासरी काळ यांच्या गुणाकाराच्या दुपटीचे वर्गमूळ काढले की, दोन नोंदींमधील योग्य अंतर जवळजवळ मिळते. उदा., नोंदीस दोन मिनिटे लागत असतील आणि सरासरी ४०० मिनिटांनी खंड पडत असेल, तर दर ४० मिनिटांनी नोंद करणे इष्ट ठरते.

खर्चाचा हिशेब : सवलतीचा दर आणि प्रत्यक्ष बचत या दोन भिन्न गोष्टी होत. समजा, एका कामास १०० तास लागतात आणि नेहमीचा दर ताशी ४० रुपये आहे. म्हणजे खर्च ४,००० रुपये होईल. ७० टक्के सवलतीने दर १२ रुपये होतो. नोंदी व पुनरावृत्ती यांसाठी २० तास अधिक लागले, तरी खर्च १,४४० रुपये, म्हणजे बचत ६४ टक्के होते. परंतु नोंदी न ठेवता तेच काम चालविले आणि दर वेळी नव्वदाव्या तासाला खंड पडला, तर तीन खंडांनंतर एकूण ३७० तासांचे ४,४४० रुपये द्यावे लागतील. म्हणजे सवलत असूनही काम महाग पडेल आणि विलंब होईल तो वेगळाच.

उपयोग व मर्यादा : चलच्चित्रांतील दृश्यांचे संगणकीय चित्रण, जनुकीय माहितीचे विश्लेषण, आज्ञावल्यांची चाचणी, यंत्र-शिक्षण आणि शास्त्रीय गणिते यांस ही पद्धत अनुकूल आहे. मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेतील गणितज्ञ अँड्र्यू सदरलँड यांनी २०१७ मध्ये वक्रांच्या वर्गीकरणासाठी गूगलच्या खंडनीय यंत्रांवर २,२०,००० प्रक्रियक-गाभे एकाच वेळी वापरले. मर्यादित निधी असलेल्या संशोधकास अन्यथा न परवडणारी क्षमता अशा रीतीने थोड्या काळापुरती उपलब्ध होऊ शकते.

याउलट मुख्य माहितीसंचय, पैशांचे व्यवहार आणि ठरलेल्या मुदतीतच संपविण्याची कामे केवळ अशा यंत्रांवर सोपविणे धोक्याचे असते. मागणी वाढली की, एकाच प्रकारची अनेक यंत्रे एकदमच काढून घेतली जाण्याचा संभव असतो आणि नेमकी त्याच वेळी पर्यायी यंत्रेही दुर्मिळ होतात. त्यामुळे निरनिराळ्या प्रकारची यंत्रे निरनिराळ्या विभागांत घेणे, आणि किमान आवश्यक काम नेहमीच्या दराच्या यंत्रांवर ठेवून उरलेला भार खंडनीय यंत्रांवर टाकणे, हा मार्ग रूढ झाला आहे. या व्यवहारात अनिश्चिततेची जोखीम पुरवठादाराकडून ग्राहकाकडे जाते व सवलत हा तिचाच मोबदला असतो. म्हणून खंड सोसण्याची तयारी ज्या कामात आधीच केलेली असते, त्यालाच ही सवलत खऱ्या अर्थाने लाभदायक ठरते.