शेळी-मेंढीपालनाचे धोरण : कळप वाटण्याइतकेच कळप जगवणे मोलाचे

नवी दिल्ली : अडीअडचणीच्या वेळी विकून चार पैसे उभे करता यावेत, यासाठी दारात बांधलेली शेळी ही देशातील भूमिहीन व अल्पभूधारक कुटुंबांची हक्काची ठेव आहे. मुलांच्या शाळेचे शुल्क, दवाखान्याचा खर्च किंवा पेरणीचे बियाणे अशा गरजा अनेकदा याच ठेवीतून भागतात. केंद्र व राज्य शासनांनी गेल्या दशकभरात या व्यवसायासाठी अनेक योजना आखल्या. मात्र त्यांपैकी बहुतेक योजनांचा भर नवीन जनावरे खरेदी करून देण्यावर राहिला आहे. जनावरे आहेत, पण त्यांना चराई, लस, उपचार आणि रास्त भाव नाही, ही लहान पशुपालकाची खरी अडचण आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष आंतरराष्ट्रीय चराऊ कुरणे व पशुपालक वर्ष म्हणून घोषित केले आहे. त्या निमित्ताने या धोरणाचा नव्याने विचार करणे आवश्यक ठरते.

आकडे काय सांगतात

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात १४ कोटी ८८ लाख शेळ्या आणि ७ कोटी ४२ लाख मेंढ्या आहेत. २०१२ च्या तुलनेत शेळ्यांची संख्या सुमारे १० टक्क्यांनी, तर मेंढ्यांची १४ टक्क्यांनी वाढली. शेळ्यांच्या संख्येत राजस्थान, पश्चिम बंगाल व उत्तर प्रदेश, तर मेंढ्यांच्या संख्येत तेलंगणा, आंध्र प्रदेश व कर्नाटक ही राज्ये आघाडीवर आहेत. महाराष्ट्रात १ कोटी ६ लाख शेळ्या आणि सुमारे २७ लाख मेंढ्यांची नोंद झाली. देशातील एकूण मांस उत्पादनात शेळी व मेंढी यांचा एकत्रित वाटा एक चतुर्थांशाहून अधिक आहे.

एकविसाव्या पशुगणनेस ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रारंभ झाला. या गणनेत प्रथमच भटक्या पशुपालकांकडील जनावरांची स्वतंत्र माहिती घेण्याचे ठरले. हा बदल महत्त्वाचा आहे, कारण राजस्थानचे राईका, हिमाचल प्रदेशचे गद्दी, जम्मू-काश्मीरचे बकरवाल, कर्नाटकचे कुरुबा आणि महाराष्ट्रातील धनगर हे समाज वर्षातील अनेक महिने कळपांसह स्थलांतर करतात. ज्याची नोंदच वेगळी होत नाही, त्याच्यासाठी लस, चारा किंवा विमा यांची तरतूद करणे प्रशासनालाही अवघड जाते.

अनुदानाची किमान मर्यादा

राष्ट्रीय पशुधन अभियानाची २०२१-२२ पासून फेररचना करण्यात आली. त्यातील उद्योजकता विकास कार्यक्रमात शेळी-मेंढीपालनासाठी प्रकल्प खर्चाच्या ५० टक्के भांडवली अनुदान दिले जाते. ५०० माद्या व २५ नरांच्या प्रकल्पास कमाल ५० लाख रुपये, तर १०० माद्या व ५ नरांच्या सर्वांत लहान प्रकल्पास कमाल १० लाख रुपये अनुदान मिळू शकते. अर्जदाराकडे स्वतःची किंवा भाडेपट्ट्याची जमीन आणि उर्वरित खर्चासाठी कर्ज अथवा स्वतःचे भांडवल असणे अपेक्षित असते.

व्यावसायिक गोठे उभे राहण्यासाठी ही योजना उपयुक्त आहे. परंतु पाच-सात शेळ्या सांभाळणारी भूमिहीन महिला किंवा गावोगावी फिरणारा मेंढपाळ या चौकटीत बसत नाही. पहिल्या पायरीची उंचीच शंभर माद्यांची असल्याने देशातील बहुसंख्य शेळीपालक या पायरीच्या खालीच राहतात.

राज्यांच्या योजनांनी ही पायरी खाली आणली आहे. महाराष्ट्रात २०१७ मध्ये सुरू झालेल्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत २० मेंढ्या व एक मेंढा असा गट ७५ टक्के अनुदानावर दिला जातो. पुण्यातील पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळामार्फत ती राबवली जाते. तेलंगणानेही २०१७ मध्येच २० मेंढ्या व एक मेंढा ७५ टक्के अनुदानावर देणारी मोठी योजना हाती घेतली. त्यासाठी शेजारच्या राज्यांतून मोठ्या प्रमाणावर मेंढ्या खरेदी करण्यात आल्या. तथापि, नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या लेखापरीक्षणात या योजनेतील नोंदींबाबत गंभीर त्रुटी आढळल्या. ज्या वाहनांतून मेंढ्यांची वाहतूक झाल्याचे दाखवले गेले, त्यांपैकी काहींचे क्रमांक दुचाकी व रुग्णवाहिकांचे निघाले.

या अनुभवातून एक बोध घेता येतो. जनावरांची खरेदी हेच योजनेचे उद्दिष्ट झाले, की किती गट वाटले एवढेच मोजले जाते. त्यांतील किती जनावरे दोन वर्षांनी जिवंत राहिली, हा खरा प्रश्न मागे पडतो.

करडू जगले तर कळप वाढतो

एका साध्या हिशेबाने हा प्रश्न स्पष्ट होईल. उदाहरणादाखल पाच शेळ्यांचा कळप घेऊ. चांगल्या संगोपनात शेळी दोन वर्षांत तीन वेळा विते. एका वेतात सरासरी दीड करडू धरले, तर दोन वर्षांत सुमारे २२ करडे जन्मतात. दहापैकी तीन करडे दगावली, तर सहा-सात करडांचे नुकसान होते. हेच प्रमाण दहापैकी एकावर आणता आले, तर चार-पाच करडे वाचतात. म्हणजे एकही जनावर विकत न घेता जवळजवळ मूळ कळपाइतकी भर पडते.

त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी फार खर्चिक नाहीत. जन्मल्यानंतर तासाभरात चीक पाजणे, नाळ स्वच्छ कापून औषध लावणे, थंडी-पावसात कोरडी जागा देणे, वेळेवर जंतनाशक पाजणे आणि पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस टोचणे, या त्यांतील मुख्य बाबी आहेत.

सर्वांत मोठा धोका पीपीआर या रोगाचा असतो. गुराढोरांतील बुळकांडीच्याच वर्गातील विषाणूमुळे तो होतो. ताप, नाका-डोळ्यांतून स्राव, तोंडातील व्रण, हगवण व न्यूमोनिया ही त्याची लक्षणे असून, लस न टोचलेल्या कळपात तो झपाट्याने पसरतो. भारतात हा रोग १९८७ मध्ये तमिळनाडूत प्रथम आढळला. भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने विकसित केलेली लस देशात उपलब्ध असून, तिच्या एका मात्रेने अनेक वर्षे संरक्षण मिळते. बुळकांडीचे जगातून निर्मूलन झाल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले. पीपीआरच्या निर्मूलनासाठी जागतिक पातळीवर २०३० हे उद्दिष्ट ठरले असून, केंद्र शासनाने या रोगाच्या लसीकरणाचा पूर्ण खर्च उचलण्याची तरतूद केली आहे.

प्रश्न उरतो तो लस कळपापर्यंत पोहोचण्याचा. लस शीतसाखळीत ठेवावी लागते आणि मेंढपाळ एका जागी थांबत नाही. १९६२ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर बोलावता येणारी फिरती पशुवैद्यकीय पथके आणि गावातीलच प्रशिक्षित पशुसखी हे या अडचणीवरील उपाय आहेत. मेंढपाळांच्या ठरलेल्या मार्गांवर, त्यांच्या मुक्कामाच्या काळात लसीकरण शिबिरे घेतली, तर थोड्या खर्चात मोठा लाभ होऊ शकतो.

विमा आणि खेळते भांडवल

केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पशुधन विम्याच्या अटी सुलभ केल्या. पशुपालकाने आता हप्त्याचा केवळ १५ टक्के भाग भरायचा असून, उर्वरित रक्कम केंद्र व राज्य शासन उचलते. शेळ्या-मेंढ्यांसाठीची मर्यादाही दुप्पट करून दहा पशु एकक, म्हणजे शंभर जनावरे, इतकी करण्यात आली.

ही तरतूद लहान कळपाला खऱ्या अर्थाने उपयोगी आहे. मात्र विम्यासाठी कानात बिल्ला असणे आणि मृत्यूनंतर पशुवैद्यकाचा दाखला मिळणे आवश्यक असते. घरापासून दोन जिल्हे दूर, माळरानावर मेंढी दगावली, तर हा दाखला वेळेत मिळवणे कठीण जाते. जवळच्या कोणत्याही पशुवैद्यकीय दवाखान्यातील दाखला विनाविलंब ग्राह्य धरण्याची व्यवस्था झाल्यास विम्यावरील विश्वास वाढेल.

किसान क्रेडिट कार्डाची सुविधा २०१८-१९ पासून पशुपालनासही लागू झाली. १ जानेवारी २०२५ पासून शेती व संलग्न व्यवसायांसाठी तारणाविना कर्जाची मर्यादा दोन लाख रुपये करण्यात आली आहे. चारा, खुराक व औषधांसाठी असे खेळते भांडवल मिळाले, तर पैशांच्या गरजेपोटी वाढीला लागलेला बोकड अकाली विकण्याची वेळ येत नाही.

चराईची घटती जागा

शेळी-मेंढीपालन स्वस्त पडते ते मोकळ्या चराईमुळे. गावाची गायराने अतिक्रमणे, बांधकामे व विविध प्रकल्पांमुळे आक्रसत आहेत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपालसिंग प्रकरणात गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे निर्देश राज्यांना दिले होते. तरीही गवताळ माळांची नोंद ‘पडीक जमीन’ अशी होत असल्याने त्यांवर वृक्षलागवड किंवा सौरऊर्जा प्रकल्प आणणे सोपे ठरते. कागदावर पडीक असलेली हीच जमीन मेंढपाळाचे शेत असते.

वनहक्क अधिनियम, २००६ मध्ये भटक्या व पशुपालक समाजांच्या हंगामी चराईचा हक्क स्पष्टपणे मान्य करण्यात आला आहे. तथापि, दाव्याची प्रक्रिया ग्रामसभेपासून सुरू होते आणि मेंढपाळाचा मार्ग अनेक गावांतून जातो. शिवाय अनुसूचित जमातींत नसलेल्या समाजांना तीन पिढ्यांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. त्यामुळे कायद्यात असलेला हक्क प्रत्यक्षात मिळणे दुरापास्त होते.

चराईमुळे जमीन उघडी पडते, हा आक्षेपही विचारात घ्यायला हवा. मर्यादेपेक्षा अधिक जनावरे एकाच जागी दीर्घकाळ चरत राहिली, तर गवताची मुळे दुर्बळ होतात आणि मातीची धूप वाढते. यावर सरसकट चराईबंदी हा एकमेव उपाय नाही. कुरणाचे भाग पाडून आळीपाळीने चराई, पावसाच्या सुरुवातीस गवत वाढेपर्यंत विश्रांती आणि बांधावर शेवरी, सुबाभूळ, हादगा यांसारख्या चाऱ्याच्या झाडांची लागवड हे पर्याय उपलब्ध आहेत. पावसाळ्यातील चार महिने मेंढपाळ कुटुंबांना चराई अनुदान देण्याची महाराष्ट्राच्या महामेष योजनेतील तरतूद याच दृष्टीने लक्षणीय आहे. ती कुरणाच्या विश्रांतीशी जोडली, तर जमीन व जनावर दोहोंचे हित साधेल.

स्थलांतर हीदेखील एक प्रकारची आळीपाळीची चराईच आहे. दिवाळीच्या सुमारास घाटमाथ्यावरून कोकणात उतरणारे धनगरांचे वाडे भातकापणीनंतरच्या रिकाम्या खाचरांत मेंढ्या बसवतात. मेंढ्यांना चारा आणि शेतकऱ्याला लेंडीखत मिळते. रासायनिक खतांवरील खर्च वाढत असताना या परस्पर व्यवहाराची नोंद कृषी धोरणानेही घ्यायला हवी.

स्थानिक जाती आणि पैदाशीचा नर

उस्मानाबादी, संगमनेरी, बेरारी व कोकण कन्याळ या महाराष्ट्रातील शेळ्या, राजस्थानची सिरोही, बंगालची काळी शेळी आणि दख्खनी मेंढी या जाती आपापल्या भागातील ऊन, पाऊस व चाऱ्याशी जुळलेल्या आहेत. योजनांतून दूरवरच्या जाती आणल्यास त्या नव्या हवामानात तग धरतीलच असे नाही.

पैदाशीबाबत एक अडचण सर्वत्र दिसते. सर्वांत धष्टपुष्ट बोकडास बकरी ईदच्या बाजारात उत्तम भाव मिळत असल्याने तो आधी विकला जातो आणि मागे राहिलेल्या कमकुवत नरापासून पुढची पिढी जन्मते. गावासाठी निवडक बोकड ठेवणे, ठरावीक काळाने तो बदलणे किंवा कृत्रिम रेतनाची सोय करणे, हे तुलनेने अल्प खर्चाचे उपाय आहेत.

संशोधनाचा लाभ स्थानिक जातीतच कसा आणता येतो, याचे उदाहरण फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने घालून दिले. सुंदरबनातील गॅरोल या लहान चणीच्या मेंढीत एकाहून अधिक कोकरे देण्यास कारणीभूत असलेले जनुक आढळते. ते दख्खनी मेंढीत आणून संस्थेने ‘नारी सुवर्णा’ ही जुळी देणारी मेंढी विकसित केली. मात्र जुळ्यांसाठी आईला पुरेसे दूध आणि त्यासाठी पुरेसा चारा लागतो. त्यामुळे सुधारित पैदास व चारा यांची सांगड घालावीच लागते.

वजनकाटा आणि लोकर

आठवडी बाजारांत आजही बहुतांश जनावरे नगावर, व्यापाऱ्याच्या नजरअंदाजाने विकली जातात. जिवंत वजनावर विक्री झाल्यास पालकाला आपल्या मालाचे मोल समजते. प्रत्येक जनावरांच्या बाजारात वजनकाटा, पाणी, सावली व पशुवैद्यकीय तपासणीची सोय करणे हा बाजार समित्यांच्या आवाक्यातील विषय आहे. महिला बचत गट किंवा पशुपालक उत्पादक कंपन्यांनी एकत्रित विक्री केली, तर सौदा करण्याची ताकद वाढते.

लोकरीची स्थिती अधिक बिकट आहे. मेंढ्यांची संख्या वाढूनही देशातील लोकर उत्पादन २०१८-१९ मधील सुमारे ४ कोटी किलोवरून २०२३-२४ मध्ये ३ कोटी ३७ लाख किलोपर्यंत घसरले. दख्खनी मेंढीच्या जाड्याभरड्या लोकरीपासून घोंगडी विणली जात असे. आता मागणीअभावी अनेक ठिकाणी कातरणीचा खर्चही निघत नाही. नमदे, गालिचे व उष्णतारोधक पट्ट्यांसाठी या लोकरीचा वापर वाढवल्यास टाकाऊ ठरत असलेल्या मालातून उत्पन्न मिळू शकते.

मोजपट्टी बदलण्याची गरज

शेळी-मेंढीपालनासाठी प्रत्येक वेळी नवीन योजनाच हवी असे नाही. विमा, लसीकरण, फिरती पथके, पशुसखी, बिनतारण कर्ज आणि वनहक्क या तरतुदी आज अस्तित्वात आहेत. त्या पाच शेळ्यांच्या घरापर्यंत व चालत्या कळपापर्यंत एकत्रितपणे पोहोचवणे हे खरे आव्हान आहे. राष्ट्रीय अभियानात दहा-वीस माद्यांचा टप्पा समाविष्ट करणे आणि वाटलेल्या गटांऐवजी जगलेली करडे, लस टोचलेले कळप, मंजूर झालेले विमा दावे व राखलेली कुरणे यांवर योजनांचे मूल्यमापन करणे, ही त्या दिशेची पहिली पावले ठरू शकतात. एकविसाव्या पशुगणनेतून भटक्या पशुपालकांचे चित्र प्रथमच स्पष्ट होणार असल्याने या बदलासाठी आवश्यक तो आधारही उपलब्ध होईल.