चाकूची धार आणि धारेची कांडी

खिशात बाळगण्याचा घडीचा चाकू बोथट झाला म्हणजे बहुतेक घरांत दोहोंपैकी एक गोष्ट घडते. एक तर तो तसाच वापरला जातो, किंवा दारावरून जाणाऱ्या धारवाल्याच्या फिरत्या चाकापुढे ठेवला जातो. पहिल्या मार्गाने बोटे कापतात. कारण बोथट पाते पदार्थात न शिरता त्यावरून घसरते आणि घसरताना त्याच्यामागे हाताचा सगळा जोर असतो. दुसऱ्या मार्गाने चाकू झिजतो. वेगाने फिरणारे चाक धारेला आवश्यक असते त्याहून कितीतरी अधिक पोलाद खरवडून नेते. शिवाय ते कोरडे चालविले तर धारेची पातळ कडा क्षणात तापते. साध्या कार्बन पोलादाच्या पात्यावर निळी झाक आली, तर त्या ठिकाणी तपमान सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत गेले आणि पोलादाला दिलेले पाणी बरेचसे उतरले, असे समजावे. अशी धार लावल्या दिवशी तीक्ष्ण भासते, परंतु टिकत नाही. कसबी कारागीर पाण्याचा थेंब आणि हलका हात यांनी हा धोका टाळतो, हे येथे सांगणे न्याय्य होईल.

घरच्या घरी करता येण्याजोगा तिसरा मार्ग म्हणजे धारेची कांडी. मात्र तिचे कार्य समजण्यासाठी धार म्हणजे काय, हे आधी पाहिले पाहिजे.

पात्याच्या दोन उतरत्या बाजू जेथे एकमेकींस मिळतात ती रेषा म्हणजे धार. ही रेषा भूमितीतल्यासारखी जाडीविरहित नसते. उत्तम लावलेल्या धारेची कडा एका मायक्रोमीटरहूनही बारीक असू शकते. माणसाचा केस साधारणतः ५० ते १०० मायक्रोमीटर जाड असतो, यावरून तिच्या नाजूकपणाची कल्पना यावी. वापराने ही कडा कुठे एका बाजूस कलते, कुठे झिजून गोल होते, तर कुठे तिचा बारीक कपचा उडतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या संशोधकांनी २०२० साली दाढीच्या पात्यांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. पात्याचे पोलाद केसाहून सुमारे ५० पट कठीण असते. तथापि केस कापताना तिरका वाकला आणि त्या जागी पोलादाची अंतर्रचना एकसारखी नसली, तर धारेचाच कपचा उडतो, असे त्यांना आढळले. केसाची ही कथा, तर दोरी आणि लाकूड यांबद्दल काय सांगावे!

कांड्या दिसण्यात सारख्या असल्या तरी त्यांची कामे भिन्न आहेत, आणि येथेच पुष्कळांची गफलत होते. खाटकाच्या कमरेला लोंबणारी पोलादी कांडी मुख्यतः कललेली कडा सरळ करते; ती धातू फारसा काढीत नाही. म्हणून गोल झालेल्या धारेवर ती कितीही फिरविली तरी पूर्वीची तीक्ष्णता परत येत नाही, आणि माणूस कांडीस दोष देतो. सिरॅमिकची पांढरी कांडी मात्र खरोखरच घासते. ती बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडची, म्हणजे रासायनिक दृष्ट्या कुरुंदाचीच असते. कुरुंदाची पूड लाखेत घालून केलेल्या साणेवर आपल्याकडील कारागीर फार पूर्वीपासून काम करीत आले आहेत. नवे आहे ते केवळ तिचे रूप. मोहसच्या श्रेणीत कुरुंदाचा क्रमांक ९ व हिऱ्याचा १० आहे. हिऱ्याची पूड बसविलेली कांडी याहून जलद घासते. व्हॅनेडियमयुक्त पोलादाच्या पात्यांत कुरुंदाहूनही कठीण असे कार्बाइडचे कण असतात, त्यांना तीच लागते. साध्या चाकूसाठी सिरॅमिकची कांडी पुरे.

आता कृती. लाकडी पाटावर ओले फडके घडी करून ठेवावे आणि कांडीचे टोक त्यावर टेकवून ती उभी धरावी. मूठ वर, म्हणजे धरणारा हात पात्याच्या वाटेबाहेर राहतो. चाकू पुरता उघडून धार पुढे ठेवावी आणि पाते वरून खाली असे ओढावे की, मुठीजवळून प्रारंभ होऊन टोकापाशी शेवट होईल. धार पुढे ठेवण्यास घडीच्या चाकूत आणखी एक कारण आहे. पाठ पुढे करून ओढल्यास घर्षणाचा जोर पाते मिटण्याच्या दिशेने पडतो, आणि खटका नसलेला चाकू बोटांवर मिटू शकतो. टोक कांडीवरून निसटू देऊ नये. ते गोल होते.

कोन किती? प्रत्येक बाजूस १५ ते २० अंशांचा कोन घडीच्या चाकूस सामान्यतः योग्य असतो. कागदाचा काटकोनी कोपरा एकदा दुमडला की ४५ अंश आणि पुन्हा दुमडला की साडेबावीस अंश होतात. हा कोपरा उभ्या कांडीलगत धरून पाहावा आणि पाते त्याहून किंचित मिटते ठेवावे. कोन फार लहान झाला तर धारेमागचा उतार घासला जातो व कडा अस्पर्श राहते. फार मोठा झाला तर कडाच बोथट होते. शंका असल्यास उतारावर शाईच्या जाड लेखणीने रेघ ओढून दोन-चार हात फिरवावेत. शाई कोठून गेली ते पाहिले की काय घासले जात आहे, हे आपोआप कळते.

अंशांची एवढी काळजी घेणारेही जोराच्या बाबतीत मात्र बेफिकीर असतात. गोल कांडी आणि पात्याची कडा यांचा स्पर्श जवळजवळ एका बिंदूत होतो. सपाट दगडावर जो जोर लांब पट्टीवर विभागला जातो, तो येथे त्या बिंदूवर एकवटतो. म्हणून हात हलका वाटत असतानाही तेथील दाब प्रचंड असतो. चाकूच्या स्वतःच्या वजनाहून फार अधिक भार देऊ नये. जास्त दाबल्यास कडेवर धातूची एक सूक्ष्म झालर लोंबू लागते. ती कधी कधी कागदही सफाईने कापते आणि धार लागली असा भास होतो, पण पहिल्याच टणक पदार्थावर ती मोडते. तेव्हा डाव्या-उजव्या बाजू आलटून पालटून घ्याव्या आणि शेवटचे काही हात केवळ स्पर्श होईल इतकेच हलके फिरवावे.

परीक्षेसाठी अंगठा वापरू नये. दिव्याखाली धार आपल्याकडे करून धरावी. बोथट जागा प्रकाश परावर्तित करून बारीक चकाकत्या रेघेसारखी दिसते. तीक्ष्ण धारेवर काहीच दिसत नाही. टोमॅटोची साल हा दुसरा कस होय: तीक्ष्ण पाते जवळपास आपल्या भारानेच तिच्यात शिरते.

कांडीला मर्यादाही आहे. वारंवार घासल्याने धार पाठीकडे सरकते, आणि पाचरीसारख्या पात्यात जसजसे मागे जावे तसतशी जाडी वाढते. एके दिवशी धार तीक्ष्ण असूनही चाकू जड चालू लागतो. तेव्हा, किंवा मोठा कपचा उडाला असल्यास, सपाट दगडावर उतार पुन्हा पातळ करून घ्यावा लागतो. सिरॅमिकच्या कांडीला तेल लागत नाही. पोलादाच्या कणांनी ती काळी पडून गुळगुळीत झाली, तर भांडी घासण्याची पूड व पाणी यांनी धुऊन घ्यावी आणि फरशीवर पडणार नाही अशा जागी ठेवावी. ती कठीण असली तरी काचेसारखी ठिसूळ असते.