जुनेर

एप्रिल-मेमध्ये पेणच्या गच्च्यांवर पोह्याचे पापड आणि मिरगुंडे वाळत पडलेली दिसतात. पेणच्या पापडांचे कौतुक मुंबई-पुण्यापर्यंत आहे. त्या पापडांखाली काय अंथरलेले असते, तिकडे मात्र सहसा कुणाचे लक्ष जात नाही. तिथे असते जुनेर, म्हणजे धुऊन धुऊन मऊ पडलेले, रंग विटलेले सुती लुगडे. ओल्या पापडातले पाणी ते खालून शोषून घेते, वरून ऊन लागते आणि पापड अलगद सुटून येतो. पॉलिस्टरच्या साडीवर तसे होत नाही. पाणी मुरत नाही, पापडाला खालून घाम सुटतो आणि संध्याकाळपर्यंत तो दमटच राहतो.

मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, "तुझ्याकडे एखादं सुती जुनेर आहे का गं? आमच्याकडची संपली." मी कपाट उघडले. साड्या पुष्कळ होत्या, पण पापडाखाली घालता येईल अशी एकही निघाली नाही. ‘सस्टेनेबल फॅशन’ म्हणजे टिकाऊ फॅशन या विषयावर मी बरेच वाचले होते, पण काकूंच्या त्या प्रश्नाने तो मला जितका कळला तितका वाचून कळला नव्हता.

आमच्या आजीच्या पिढीत लुगड्याचा प्रवास ठरलेला असे. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड. नवे असताना ते सणावाराला, मग रोजच्या वापराला आणि त्यानंतर शेतावर. बसण्या-उठण्याने मधला भाग विरला की लुगडे तिथे फाडायचे, विरलेला पट्टा काढून टाकायचा आणि चांगले तुकडे शिवणीने जोडायचे. याला दंड घालणे म्हणत. दंड घातलेले लुगडे आणखी वर्ष-दोन वर्षे निघे. त्यातूनही जे उरे त्याचे थर एकावर एक घालून वाकळ शिवली जाई. वाकळ कडेने सुरू करायची आणि धावदोऱ्याने फिरत फिरत आत मध्यापर्यंत यायचे. उन्हाळ्याच्या दुपारी दोघी-तिघी वाकळीभोवती बसत, गप्पा आणि टाके बरोबरच चालत. सगळ्यात मऊ तुकडे बाळंतिणीसाठी बाजूला काढलेले असत. बाळोती आणि दुपटी जुन्याचीच व्हायची, कारण नवे कोरे कापड तान्ह्या अंगाला टोचते. त्यानंतर मसोते, त्यानंतर पोतेरे. पोतेरेही हातात तुटू लागले की चुलीत जाई नाहीतर परसात मातीला मिळे.

याला कुणी पर्यावरणरक्षण म्हणत नव्हते. कापड महाग होते आणि हात रिकामे ठेवायची सवय नव्हती, एवढेच. या काळाचे गोडवे गाण्यात मला रस नाही. दंड घातलेले लुगडे नेसून लग्नाला जाताना बाई अंग चोरून बसायची, हे मी आजीच्याच तोंडून ऐकले आहे. पण त्या व्यवस्थेत एक शहाणपण होते आणि ते गरिबीपेक्षा वेगळे काढून पाहता येते. कापडाच्या प्रत्येक टप्प्याला पुढचा वापर ठरलेला होता आणि पुढचा माणूसही ठाऊक होता. कुणाच्या घरी बाळंतपण आहे, कुणाची वाकळ अर्धी राहिली आहे, कुणाच्या मुलाला परकराचे सदरे चालतील, हे सगळे आळीला माहीत असे.

घराबाहेरचा दुवा म्हणजे बोहारीण. डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्यावर कपड्यांचे गाठोडे. ती ओसरीवर बसून एकेक कपडा उजेडात धरी, काखेतली शिवण ताणून बघी आणि मग सौदा सुरू होई. चार पँटी आणि दोन साड्यांना एक स्टीलचा डबा, वर आणखी एक शर्ट टाकला तर झाकणाचा मोठा डबा. हे कपडे पुढे निवडले जात, धुऊन, रफू करून, इस्त्री मारून जुन्या बाजारात विकले जात. अगदीच निकामी असतील ते यंत्रे पुसायच्या चिंध्या म्हणून गॅरेजात आणि कारखान्यांत जात. लुसी नॉरिस या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी दिल्लीतल्या अशाच भांडेवाल्या बायकांच्या व्यापारावर २०१० मध्ये आख्खे पुस्तक लिहिले. जगभरात आज ज्याला ‘सर्क्युलर’ म्हणजे चक्राकार अर्थव्यवस्था म्हणतात, ती आमच्या ओसरीवर डब्याच्या बदल्यात चालत होती. ती चालवणाऱ्या बाईला आपण पाणीसुद्धा वेगळ्या भांड्यातून देत होतो, हेही इथे लिहिले पाहिजे.

मग हे थांबले कशाने? एक कारण मुंबईत आहे आणि एक आमच्या रायगड जिल्ह्यातच. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. कोकणातल्या कितीतरी घरांची चूल गिरणीच्या पगारावर पेटत होती. त्या घरांत गिरणीचे मांजरपाट, लठ्ठा, मलमल हे शब्द रोजच्या बोलण्यातले होते. त्याच १९८२ साली रायगडमध्ये पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. जिच्या नावाने तो ओळखला जातो ती पाताळगंगा नदी पुढे धरमतरच्या खाडीला मिळते, म्हणजे आमच्याच खाडीला. तीन वर्षांनी, १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्यांना वाट आणखी मोकळी करून दिली. सुती गिरण्या बंद पडत गेल्या आणि पॉलिस्टर स्वस्त होत गेले.

पॉलिस्टरला शिव्या देणे सोपे आहे, पण कोकणातल्या बाईने ते का उचलले ते समजून घ्यायला हवे. इथे चार महिने पाऊस. सुती लुगडे दोन-दोन दिवस दोरीवर ओलेच लोंबते, त्याला कुबट वास येतो, बुरशीचे काळे ठिपके पडतात. लावणीवरून किंवा मासळीबाजारातून चिंब होऊन आलेल्या बाईला दुसऱ्या सकाळी कोरडी साडी हवी असते. पॉलिस्टरची साडी रात्रभरात वाळते. तिला खळ नको, इस्त्री नको आणि रंग उडत नाही. तिने तिच्या कष्टांचा हिशेब केला आणि तो बरोबर होता.

गंमत अशी की टिकण्याच्या कसोटीवर पॉलिस्टर सुतीच्या पुढे आहे. आजीचे लुगडे कधीच मातीला मिळाले, आईची १९८८ ची पॉलिस्टर साडी आजही जशीच्या तशी आहे. म्हणून ‘टिकाऊ फॅशन’ हा शब्द मला अपुरा वाटतो. कापड नुसते टिकून भागत नाही, ते म्हातारेही व्हावे लागते. सुती कापड वयाबरोबर मऊ होते, शोषू लागते, नव्या कामाला लायक होते आणि शेवटी कुजते. पॉलिस्टर म्हातारे होत नाही. त्याची वाकळ घसरते, अंगाला चिकटते, घाम टिपत नाही. त्याचे बाळोते होत नाही, मसोता केला तर गरम भांड्याला वितळून चिकटतो, पोतेरे केले तर पाणी इकडचे तिकडे ढकलते. धुताना त्यातून बारीक तंतू सुटतात, ते गटारातून भोगावती नदीत आणि तिथून खाडीत जातात. जुनेर होण्याची त्याची ताकदच नाही. म्हणून ते कपाटात राहते, नाहीतर उकिरड्यावर.

जगाचे आकडे याच दिशेचे आहेत. २०२३ मध्ये जगात सुमारे १२ कोटी ४० लाख टन धागा तयार झाला आणि त्यात पॉलिस्टरचा वाटा ५७ टक्के होता. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानुसार दरवर्षी सुमारे ९ कोटी २० लाख टन कापडाचा कचरा होतो. एलेन मॅकआर्थर फाउंडेशनने २०१७ मध्ये मांडले की एक कपडा टाकून देण्याआधी जितक्या वेळा अंगावर चढतो, ती संख्या पंधरा वर्षांत ३६ टक्क्यांनी घटली. आणि जुन्या कपड्यापासून पुन्हा नवा कपडा होण्याचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. सुतीही निर्दोष नाही. कापूस पिकवण्यापासून एक सुती टी-शर्ट होईपर्यंत सुमारे २,७०० लिटर पाणी लागते. तेव्हा पॉलिस्टर टाकून दहा नवे सुती कुर्ते घेतले की झाले, असा याचा अर्थ नाही. ‘इको-फ्रेंडली’ चिठ्ठी लावलेला चार हजारांचा कुर्ता दोनदा घालून कपाटात टांगणे ही खरेदीच आहे, दुसरे काही नाही.

आमच्याच पेण तालुक्यातल्या गागोद्यात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भाव्यांचा जन्म झाला. त्यांच्या वडिलांनी बडोद्यात कापड उद्योगात काम केले. विनोबांनी १९३० च्या दशकात वर्ध्याजवळच्या नालवाडीत तासन्‌तास सूत कातले आणि त्या कताईच्या मजुरीत माणसाचे पोट भरते का, हे स्वतःवर प्रयोग करून पाहिले. मला यात खादीच्या प्रचारापेक्षा दुसरे काही महत्त्वाचे वाटते. कापडाची किंमत ते करणाऱ्या हाताच्या बाजूने मोजायचा तो प्रयत्न होता. ढाक्याजवळ २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे गेली, त्यात बहुतेक शिवणकाम करणाऱ्या बाया होत्या. त्यानंतर ‘माझे कपडे कुणी शिवले?’ हा प्रश्न इंटरनेटवरून जगभर विचारला गेला. नालवाडीच्या प्रयोगातला प्रश्न फार वेगळा नव्हता.

इंटरनेटमुळे माणसे खरेदीच करतात असे नाही, हे मला २०१५ मध्ये पहिल्यांदा दिसले. अंजू मौदगल कदम आणि ॲली मॅथन या बंगळूरच्या दोघींनी वर्षात शंभर वेळा साडी नेसायची आणि त्या साडीची गोष्ट सांगायची असा करार जाहीर केला. हजारो बायका त्यात उतरल्या. कुणी आईची नेसली, कुणी सासूची, कुणी लग्नानंतर घडीही न मोडलेली. कपाटातल्या साडीला अंगावर आणणारी ती एक मोठी आळी होती, फक्त तिचे घर फोनमध्ये होते.

आमच्याकडे साडी पुन्हा नेसण्याची खरी परीक्षा हळदीला होते. आगरी-कोळी समाजात हळद हा लग्नाहून मोठा सोहळा. गेल्या काही वर्षांत भावकीतल्या सगळ्या बायकांनी एकसारख्या रंगाच्या साड्या नेसायच्या, अशी पद्धत रुजली आहे. वीस-पंचवीस साड्या एका रात्रीसाठी येतात. पुढच्या हळदीला रंग वेगळा, म्हणून पुन्हा तेवढ्याच. त्यात रीळ काढायचे असते, आणि रीळमध्ये एकदा दिसलेली साडी पुन्हा दिसून चालत नाही. आमच्या ओळखीतल्या काही जणींनी व्हॉट्सॲपच्या गटावर यावर साधा उपाय काढला. कुणाकडे कोणत्या रंगाचा जोड पडून आहे त्याचे फोटो तिथे टाकायचे. पिवळा हवा असेल तर तो रोह्याच्या मावशीकडून आणायचा, धुऊन परत द्यायचा, मोबदला म्हणून खणाचा एक तुकडा. पहिल्यांदा नाके मुरडली गेली, ‘दुसऱ्यांच्या नेसायच्या का?’ म्हणून. मग एका घरी दोन मुलींची लग्ने एकाच वर्षात आली आणि बोलणे थांबले. आज त्या गटावर मागणी आधी येते, खरेदीचा विचार नंतर. कुणाकडे काय आहे हे आळीला माहीत असणे परत आले, आणि पॉलिस्टरच्या साडीचा खरा उपयोगही हाच आहे. ती फाटत नाही तर पन्नास जणींनी नेसावी.

दानाबद्दल दोन शब्द. पावसाळ्याआधी किंवा पूर आल्यावर आपण कातकरी वाडीवर जुन्या कपड्यांची पोती नेऊन टाकतो. त्यात बटणे तुटलेले शर्ट, चेन गेलेल्या पँटी, एकच मोजा असतो. वाडीतल्या माणसांना ते नाकारताही येत नाही आणि वापरताही येत नाही, शेवटी ते ओहोळाकाठी पडते. १९९९ पासून ‘गूंज’ ही संस्था याच प्रश्नावर काम करते. तिचे अंशू गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कपडा भीक म्हणून न देता गावाने केलेल्या कामाच्या मोबदल्यात द्यायचा आणि उरलेल्या सुती कापडाचे पाळीसाठी स्वच्छ पॅड शिवायचे, ही त्यांची पद्धत. देण्याआधी धुवा, बटण लावा, शिवण घाला. जे स्वतःच्या घरात कुणाला देणार नाही ते वाडीवर नेऊ नका.

मला सगळ्यात जास्त काळजी सुईची आहे. वाकळ घालणाऱ्या बायका आता सत्तरीच्या पुढे आहेत. पेणच्या गणपतींना हल्ली खऱ्या कापडाचे धोतर, शेला, फेटा नेसवतात. ते काम करणाऱ्या बोटांना कापडाची चूण कळते, पण दंड घालणे किंवा धावदोऱ्याने चार थर सरळ ठेवणे शिकवणारे शाळेतही कुणी नाही आणि घरीही कुणी नाही. हे काम पाहून येते, करून येते, आणि करायला एक सुती जुनेर लागते.

काकूंना मी शेवटी माझा एक सुती पंचा आणि आईचे बाळंतपणातले एक पातळ दिले. या मे महिन्यात त्यांच्या गच्चीवर मी वाकळ शिकायला बसणार आहे. तुमच्या ओळखीत वाकळ घालणारी कुणी आजी, मावशी, आत्या असेल तर या सुट्टीत चार दुपारी तिच्याजवळ बसा, आणि जाताना घरातले एक सुती जुनेर सोबत न्या.