क्लच का घसरतो?

खंबाटकीच्या घाटात एखादी मोटारसायकल नुसतीच ओरडते, पुढे मात्र सरकत नाही. इंजिनाचे फेरे वाढतात, वेग वाढत नाही. जळका वासही आला, तर क्लच घसरतो आहे असे समजावे. मागे भरलेला ट्रक असेल तर हे धोक्याचेच!

बहुतेक मोटारसायकलींच्या क्लचमध्ये घर्षण-अस्तराच्या आणि पोलादी तबकड्या एकाआड एक, तेलात बुडालेल्या असतात. स्प्रिंगा त्यांना दाबून धरतात. गंमत पाहा : अस्तराच्या ५ तबकड्या म्हणजे घर्षणाचे १० पृष्ठभाग. त्यामुळे एवढासा क्लच इंजिनाची सारी शक्ती पेलतो.

मिस्त्री लगेच ‘क्लचप्लेट गेली’ म्हणतो. पण आधी क्लचवायर पाहावी. लिव्हरच्या टोकाशी बऱ्याच गाड्यांत १० ते २० मिलिमीटर ढिलाई लागते. ती नसेल तर लिव्हर सोडल्यावरही वायर ताणलेलीच राहते आणि स्प्रिंगांचा पूर्ण दाब तबकड्यांवर पडत नाही. अॅडजस्टर फिरवला की काम झाले, खर्च शून्य!

दुसरा संशयित तेल. मोटारींच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. इंजिनाला ती मानवतात, ओल्या क्लचला नाही. डब्यावर ‘जासो एमए’ ही खूण शोधावी.

एवढ्याने भागले नाही, तरच क्लच उघडावा. अस्तराच्या तबकडीची जाडी व्हर्नियर कॅलिपरने मोजतात. हो, तुमच्या प्रयोगशाळेतलाच! स्प्रिंगांची मोकळी लांबीही तपासतात. पोलादी तबकडी सपाट काचेवर ठेवली की वाकलेली असल्यास कळते. निळसर डाग म्हणजे ती फार तापली होती. नव्या अस्तराच्या तबकड्या बसवण्यापूर्वी इंजिनाच्या तेलात भिजवाव्यात. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच फेरीत करपू शकतात.