दार तर उघडंच होतं!

“हात धरून कोणी नेलं नव्हतं ना? मग बाहेर पडायला बारा वर्षं कशी लागली?” कॅनडाच्या सीबीसीची ‘एस्केपिंग नेक्सियम’ ही २०१८ची पॉडकास्ट मालिका मी ऐकायला घेतली ती याच तोऱ्यात.

असल्या गुरूंच्या नादी भोळीभाबडी, अडाणी माणसं लागतात, हा पहिला गैरसमज. मालिकेत बोलणारी सारा एडमंडसन ही व्हँकुव्हरची अभिनेत्री. २००५ साली ती नेक्सियम या संस्थेच्या व्यक्तिमत्त्व विकासाच्या पाच दिवसांच्या कोर्सला गेली. तिथं ना अंगारा, ना कफनी. भरमसाट फी, वर्कशॉप आणि पायरीगणिक रंग बदलणारे गळ्यातले पट्टे. (आपला ‘बुवाबाजी’ हा शब्द इथं तोकडा पडतो. ‘पंथ’ म्हणावं, तर वारकऱ्यांचा उगाच अपमान.) न्यूयॉर्क राज्यात ऑल्बनीजवळ १९९८ साली हे दुकान थाटणाऱ्या कीथ रनिअरीला सगळे ‘व्हॅनगार्ड’ म्हणत. सिग्राम या मद्यसमूहाच्या वारसदार बहिणीही त्याच्या भजनी लागल्या होत्या.

दार उघडं होतं, हे मात्र अर्धसत्य. साराचा नवरा, मैत्रिणी, कमाई, सगळं दाराच्या आतच. त्यात आतल्या गुप्त महिला मंडळात शिरायचं, तर ‘तारण’ ठेवावं लागे. हा शब्द आपल्याला सोन्यावरच्या कर्जामुळे ठाऊक. इथं तारण म्हणजे स्वतःचे नग्न फोटो, घरच्यांची बदनामी होईल असे लेखी जबाब. २०१७च्या मार्चमध्ये या मंडळाचा लहानसा टॅटू काढायचाय, असं साराला सांगितलं होतं. प्रत्यक्षात एका डॉक्टर बाईनं तिच्या ओटीपोटाजवळची कातडी उपकरणानं डागली. ही पंचमहाभूतांसारख्या तत्त्वांची खूण आहे, असं सांगितलं गेलं. तिनं नंतर नीट पाहिलं, तेव्हा त्यात रनिअरीची आद्याक्षरं दिसली. त्याच वर्षी ती बाहेर पडली आणि न्यूयॉर्क टाइम्सशी बोलली.

गुरू गजाआड गेला की विषय मिटला, हेही खोटं. २०२०मध्ये त्याला १२० वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात काही अनुयायी ब्रुकलिनच्या तुरुंगाबाहेर त्याच्यासाठी नाचत होते. आणि सारा? व्हँकुव्हरची शाखा उघडण्यात तिचाही हात होता, कित्येकांना तिनंच आत ओढलं होतं. फसलेली आणि फसवणारी एकच बाई. मला मालिकेचा खरा ऐवज वाटतो तो हा.

असं कोणी तुमच्या घरी परत आलं, तर “मी तेव्हाच सांगत होतो” हे वाक्य तेवढं गिळा.