ढगांखालचे शहर

मुंबईत वर्षभरात साधारण दोन ते अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. युरोपातील नॉर्वे देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर बर्गन नावाचे शहर आहे. तेथेही जवळजवळ तेवढाच पाऊस पडतो. मग फरक कोणता? मुंबईचा पाऊस जूनमध्ये येतो आणि चार महिन्यांत परत जातो. बर्गनचा पाऊस परत जातच नाही! तेथे वर्षातले दोनशेहून अधिक दिवस पावसाचे असतात. २९ ऑक्टोबर २००६ पासून तर तेथे सलग ८५ दिवस रोज पाऊस पडला.

याचे कारण समजायला अवघड नाही. समुद्रावरून पश्चिमेचे वारे बाष्प घेऊन येतात. बर्गनच्या भोवती डोंगर आहेत. वारे डोंगरांना अडून वर चढतात, थंड होतात आणि पाऊस पडतो. आपल्या सह्याद्रीवरही असेच घडते. हे शहर उत्तरेला इतके दूर आहे, की तेथे कडक बर्फाळ थंडी असायला हवी. पण उबदार सागरी प्रवाहामुळे हिवाळ्यातही बर्फापेक्षा पाऊसच जास्त पडतो. उन्हाळाही थंडच असतो. जुलैचे सरासरी तापमान सुमारे १५ अंश!

पावसाला तेथे कोणी घाबरत नाही. लहान मुले रबरी बूट आणि अंगभर रेनकोट घालून भर पावसात अंगणात खेळतात. पावसाची सुट्टी द्यायची ठरवली, तर शाळा भरणार कधी?

खरी अडचण पावसाची नाही, उन्हाची आहे. डिसेंबरमध्ये दिवस जेमतेम सहा तासांचा असतो आणि त्यावरही ढगांचे पांघरूण. आपल्या त्वचेवर ऊन पडले, की शरीरात ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते. ते कमी पडले, तर मुलांची हाडे मऊ होऊन पाय वाकतात. या रोगाला मुडदूस म्हणतात. बर्गनच्या हिवाळ्यात सूर्य इतका खाली असतो, की आकाश निरभ्र असले तरी हे जीवनसत्त्व तयार होत नाही.

यावर नॉर्वेच्या लोकांनी समुद्रातच उपाय शोधला. कॉड माशाच्या यकृताचे तेल ते पिढ्यान्‌पिढ्या घेत आले आहेत. त्यात ‘ड’ जीवनसत्त्व भरपूर असते, हे शास्त्रज्ञांना १९२२ च्या सुमारास कळले. ज्या महिन्याच्या नावात ‘र’ आहे, त्या महिन्यात रोज चमचाभर तेल घ्यावे, असे तेथे सांगतात. आपल्या पुस्तकातली महिन्यांची नावे तपासून पाहा. सप्टेंबर ते एप्रिल हेच महिने निघतील. तेलाची चव मात्र मुलांना मुळीच आवडत नाही.

भारत-पाकिस्तानातून नॉर्वेत राहायला गेलेल्या अनेकांच्या रक्तात हे जीवनसत्त्व फार कमी आढळले. सावळ्या त्वचेला ते तयार करायला जास्त ऊन लागते. म्हणून डॉक्टर त्यांना ते औषधाच्या रूपात घ्यायला सांगतात.

जूनमध्ये कधी ढग हटतात. मग सारे बर्गन घराबाहेर पडते. लोक पायऱ्यांवर, बाकांवर, डोंगरमाथ्यावर सूर्याकडे तोंड करून बसतात. घाई कसलीच नसते, कारण त्या दिवसांत सूर्य रात्री अकराच्या सुमारास मावळतो.